म्हाताऱ्या राखणदाराचं ताट

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. पहाटेचे साडेपाच वाजले असतील. दारावर थाप पडली. उघडून बघते तर शेजारच्या मावशी. एरवी या वेळेला त्या पाटी घेऊन भाऊच्या धक्क्याच्या वाटेवर असायच्या. म्हणाल्या, "बाई, काळू दोन दिस खात नाय. तुमी शिकलेल्या, जरा बघा ना."

मी शाळेत मराठी शिकवते. कुत्र्याच्या खाण्यातलं मला काय कळणार? पण मावशींना नाही म्हणवलं नाही. आम्ही २००३ साली खारदांड्याला भाड्याने राहायला आलो, तेव्हापासून या बाईंनी माझ्या दोन्ही बाळंतपणांत मला मुडद्यांचं कालवण पोचतं केलंय. गेले त्यांच्यामागून.

काळू वलांडीखाली पडला होता. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्या समुद्रापासून लांब राहतात त्यांच्यासाठी सांगते. बोंबील सुकवायला बांबूंची उंच मांडव्यासारखी रचना करतात, दोरीवर बोंबलांच्या जोड्या तोंडात तोंड अडकवून टांगतात. ती वलांडी. खाली जमिनीवर जवळा, करंदी पसरलेली. कावळे, मांजरं, परकी कुत्री, सगळ्यांचा डोळा तिच्यावर. एका दुपारी कुणी राखायला नसेल तर आठवड्याची कमाई गेली म्हणून समजा. काळूने बारा वर्षं ती राखण केली. रात्री होडीवरची जाळी आणि इंजिनाचं डिझेल सांभाळायचं कामही त्याचंच. गल्लीतलं कुत्रं म्हणून कुणी त्याला हिणवलं की मावशी चिडायच्या. "त्यानं आमचं घर राखलंय," असं म्हणायच्या.

पण या कामाचा मोबदला काय मिळत होता? उरलेसुरलं. माशांची डोकी, कालवणाचा तिखट रस्सा, शिळा भात. मावशी निष्ठुर म्हणून नव्हे. घरात सगळ्यांचं जेवून झालं की पातेल्यात जे राहील ते कुत्र्याचं, ही आपल्याकडची रीतच आहे. तरुणपणी कुत्रं ते पचवतंही. दिवसभर धावतं, इकडचं तिकडचं खातं, अंगाला लागतं. खरा प्रश्न म्हातारपणी येतो आणि तेव्हा आपल्याला तो दिसत नाही, कारण कुत्रं बोलत नाही. ते फक्त ताटाजवळ येतं, वास घेतं आणि परत जातं.

आता माझी चूक सांगते. मी त्या दिवशी शहाणपणा केला. शाळेतून येताना वांद्र्याच्या एका दुकानातून म्हाताऱ्या कुत्र्यांचं म्हणून एक चकचकीत पाकीट आणलं. वर पांढऱ्या भुवयांच्या कुत्र्याचा गोड फोटो, 'सीनियर' असं ठळक लिहिलेलं. किंमत सांगत नाही, मावशींनाही सांगितली नव्हती. आमच्यापासून दहा मिनिटांवर कार्टर रोड. तिथे संध्याकाळी लोक ज्या कुत्र्यांना फिरवायला आणतात ती हेच खातात, मग आपल्या काळूनेही खावं, एवढाच माझा विचार. काळूने एक दाणा तोंडात घेतला, कटकन् आवाज झाला आणि तो कुईं करून मागे सरला. मावशींना वाटलं, याला हे साहेबी खाणं आवडलं नाही. म्हणून त्यांनी त्याला लाडाने भाजलेली सुकट घातली. ती मात्र त्याने कशीबशी गिळली. आम्ही दोघी खूश! चार दिवस सुकट. पाचव्या दिवशी तो बादलीभर पाणी पीत होता आणि रात्रभर जागोजागी मुतत होता.

डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी आधी त्याचं तोंड उघडलं. मागची एक दाढ सडली होती, हिरडीत पू. बाकीचे दात झिजून सपाट. म्हणजे त्याला भूक होती, चावता येत नव्हतं! आणि रक्त तपासल्यावर मूत्रपिंडं थकू लागल्याचं कळलं. सुकटीने ते आणलं नव्हतं, पण थकलेल्या मूत्रपिंडांना तेवढं मीठ म्हणजे आजाऱ्याच्या डोक्यावर गोणी. शिवाय सुकटीत फॉस्फरस भरपूर. मूत्रपिंडाच्या दुखण्यात नेमका तोच कमी करावा लागतो.

त्या डॉक्टरांचं एक वाक्य मी अजून विसरले नाही. ते म्हणाले, "पाकिटावरचा फोटो बघू नका, कुत्र्याचं तोंड बघा." मी मान खाली घातली.

त्यानंतर मी वाचलं, विचारलं, वहीत टिपून ठेवलं. मास्तरकीची खोड, दुसरं काय. त्यातलं जे पक्कं आहे तेवढंच सांगते, कारण तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या गोठ्यावर, खळ्यावर, बागेत असा एखादा म्हातारा राखणदार असेलच.

पहिली गोष्ट, 'सीनियर' या शब्दाची. अमेरिकेत ज्या प्रमाणांच्या आधारे पाकिटांवर लेबलं लावली जातात त्यांत वाढत्या वयाच्या पिलांसाठी आणि गाभण कुत्रीसाठी एक प्रमाण आहे, मोठ्या कुत्र्यासाठी एक आहे. म्हाताऱ्या कुत्र्यासाठी वेगळं प्रमाणच नाही! त्यामुळे त्या शब्दाखाली एक कंपनी एक देते, दुसरी भलतंच. पाकीट वाईट असतं असं मी म्हणत नाही. ज्यांना परवडतं आणि ज्यांच्या कुत्र्याला चावता येतं त्यांनी खुशाल द्यावं. दात नसतील तर कोमट पाण्यात भिजवून द्यावं. पण शब्दाला भुलून घेऊ नये. मागची बारीक अक्षरं वाचावीत.

दुसरी गोष्ट प्रोटीनची. आपल्याकडे एक समजूत फार घट्ट आहे की म्हाताऱ्याला हलकं द्यावं, म्हणजे अंडं-मटण बंद आणि नुसता भात. माणसांनाही आपण हेच करतो. धडधाकट म्हाताऱ्या कुत्र्याला मात्र प्रोटीन तरुणपणाइतकं, किंबहुना जरा जास्तच लागतं. काम सुटलं की त्याच्या मांड्या वाळतात, पाठीचा कणा हाताला लागतो. नुसत्या भाताने तो कणा भरत नाही, पोट तेवढं सुटतं. कमी करायची असते ती एकूण भर, तेल-तूप आणि गोडधोड, कारण धावपळ थांबलेली असते. प्रोटीनवर बंधन येतं ते मूत्रपिंडाचं दुखणं निघालं तर, आणि तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. काळूचं तसं होतं. म्हणून त्याला अंड्याचा पांढरा बलक चालला आणि हाडं-काटे बंद झाले. तेव्हा शेजारणीच्या कुत्र्याचं ताट बघून आपल्याचं ठरवू नका.

वजनाबद्दल एक गोष्ट मला फार पटली. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर पिलांच्या जोड्या लावून एक अभ्यास झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं, जन्मभर. २००२ साली निकाल छापून आला. कमी खाणारी कुत्री सरासरी पावणेदोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधे उशिरा दुखायला लागले. पावणेदोन वर्षं! बारा-तेरा वर्षांच्या आयुष्यात ती किती झाली बघा. प्रेम म्हणून पोळीचे तुकडे, बिस्किटं, जिलबी भरवणाऱ्या घरांनी हे जरूर लक्षात घ्यावं. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला की लागाव्यात, हे सोपं माप. आमच्या काळूला मावशींच्या मुलाने मासे तोलायच्या काट्याला झोळी बांधून तोललं. अख्खा दांडा हसायला जमला होता. बावीस किलो भरला. काळूचं तोंड मात्र बघण्यासारखं होतं, आपला भाव होतोय की काय असं.

माशाचं म्हणाल तर मासा म्हाताऱ्या कुत्र्याला वर्ज्य नाही, उलट चांगला. तारली, बांगड्यासारख्या तेलकट माशांतली चरबी दुखऱ्या सांध्यांना उपयोगी पडते. पण शिजवलेला, बिनमिठाचा आणि काटे काढलेला. काही जातींच्या कच्च्या माशांत असं एक द्रव्य असतं की ते शरीरातलं बी-वन जीवनसत्त्व मोडतं. शिजवलं की ते द्रव्य मरतं. कोंबडीचं शिजलेलं हाड अजिबात नको. त्याच्या चिरफळ्या होतात, आतड्यात रुततात. आणि कांदा-लसूण! आपल्या प्रत्येक कालवणात ते असतात आणि कुत्र्याचं रक्त ते बिघडवतात. मनुका, द्राक्षं, चॉकलेट हीसुद्धा विषासमानच. दूध काहींना सोसतं, पुष्कळांचं पोट बिघडवतं. अंग दुखतंय म्हणून आपल्या घरातली तापाची किंवा अंगदुखीची गोळी चुरून घालणाऱ्या बायाही मी पाहिल्यात. त्या गोळ्यांनी कुत्रं दगावू शकतं.

मग द्यायचं तरी काय? मावशींच्या घरी जे ठरलं ते सांगते. तांदळाच्या कण्या मऊ शिजवायच्या, त्यात लाल भोपळा किंवा दुधी, एखादं उकडलेलं अंडं (काळूसाठी फक्त पांढरं), असेल त्या दिवशी उकडलेला मासा. मीठ नाही, फोडणी नाही. हाताने कुसकरून, कोमट असतानाच. म्हाताऱ्या कुत्र्याचं नाक मंदावतं. थंड अन्नाला वास कमी, म्हणून ते तोंड लावत नाही. गरम-कोमट केलं की तेच अन्न चाटूनपुसून खातं. दिवसातून एकदा भरपेट देण्यापेक्षा दोन-तीनदा थोडं थोडं. पाणी कायम समोर. घरच्या जेवणात हाडं नसली की कॅल्शियम कमी पडतं, ते डॉक्टरांना विचारून घालायचं. एवढंच. खर्च पाकिटाच्या एका कोपऱ्याएवढाही नाही. खर्ची पडते ती वेळ आणि लक्ष. आणि ते कुणाचं? घरातल्या बाईचंच.

इथे मला माझ्या माहेराची आठवण येते. माहेर सांगली जिल्ह्यातलं, जतकडचं. मेंढपाळांची खांडं रानात बसत. त्यांच्याबरोबर गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घातलेली उंच, सडपातळ कुत्री असत. पट्टा कशाला, तर लांडग्याने नरडं धरू नये म्हणून. त्या बायका तीन दगडांच्या चुलीवर भाकऱ्या थापायच्या आणि त्यातल्या दोन-तीन कुत्र्यांच्या म्हणून आधीच वेगळ्या काढायच्या. उरलेल्या नव्हेत, मुद्दाम थापलेल्या. म्हाताऱ्या कुत्र्याची भाकरी ताकात भिजत घातलेली असायची. लहानपणी मला ते साधंच वाटायचं. आज वाटतं, ज्यांच्या घराला चार भिंतीसुद्धा नव्हत्या त्यांच्याकडे राखणदाराचा वाटा ठरलेला होता.

शहराला हे कळायला वेळ लागला. १९९३च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी मुंबई पोलिसांच्या झंजीर नावाच्या लॅब्रेडॉरने तीन हजार किलोहून जास्त आरडीएक्स हुंगून काढलं. तो २००० साली हाडांच्या कर्करोगाने गेला, जेमतेम आठ वर्षांचा. त्याला म्हातारपण मिळालंच नाही. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर या कुत्र्यांनी काम केलं. सीझरने सीएसटी स्थानकात अतिरेक्यांनी टाकून दिलेले हातबॉम्ब शोधले. ही चौघं निवृत्त झाल्यावर त्यांची सोय विरारच्या एका शेतावर झाली, एका प्राणिप्रेमी बाईंनी त्यांना सांभाळलं. २०१६च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत एकेक करून चौघंही गेली. शेवटचा सीझर. सोबती गेल्यावर तो उदास झाला होता, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. मला ती बातमी वाचताना एकच वाटलं, निदान शेवटी कुणीतरी त्यांच्यासाठी वेगळं शिजवत तरी होतं.

सैन्याचं तर त्याहून कठीण. निवृत्त झालेल्या कुत्र्यांना पूर्वी मारून टाकलं जाई, हे २०१५ साली माहितीच्या अधिकारातल्या एका उत्तरातून लोकांसमोर आलं. गाजावाजा झाला, आणि मग त्यांना सांभाळण्याची, दत्तक देण्याची सोय होऊ लागली. सरकारी कुत्र्यासाठी प्रश्न विचारणारं कुणीतरी निघालं. वलांडीखालच्या, गोठ्यातल्या, ऊसतोडीच्या तांड्यावरच्या कुत्र्यासाठी कोण अर्ज करणार?

मला ठाऊक आहे, हे वाचताना एखादी म्हणेल, "बाई, इथे माणसांच्या तोंडात घास नाही आणि तुम्ही कुत्र्याला अंडं घाला म्हणता!" माझ्या शाळेतल्या एका सहकारी बाईंनी हेच तोंडावर सुनावलं. त्यांचं चूक नाही. ज्या घरात मुलांना अंडं नाही तिथे कुत्र्याला घाला असं मी सांगणार नाही, सांगायची माझी हिंमतही नाही. पण अंडं नसलं तरी फोडणी घालायच्या आधी दोन पळ्या काढून ठेवायला पैसे लागत नाहीत. रस्सा न ओतता कोरा भात घालायला पैसे लागत नाहीत. कुत्रं पाळताना आपण त्याच्या जागरणाचा, त्याच्या दातांचा भाव केलेला असतो. दात पडल्यावर तो सौदा मोडीत निघाला असं म्हणायचं, की त्याचं देणं अजून फिटायचंय असं म्हणायचं? माझं मत दुसरं. ही दया नव्हे, राहिलेला पगार आहे. आणि हे न जमणाऱ्या घराने राखणीसाठी नवं पिलू तरी आणू नये.

यात पुरुषांनाही एक सांगणं आहे. कुत्रा गावभर मिरवतो तो घरधन्याचा म्हणून. "आमचा वाघ्या," "आमचा टायग्या." तो म्हातारा झाला, घरात घाण करू लागला, की एकदम बायकोचा होतो. मावशींच्या मुलाचंही तसंच चाललं होतं. काट्यावर तोलायला पुढे, भात कुसकरायला मागे. मावशींनी एके दिवशी पातेलं त्याच्यापुढे आपटलं. तेव्हापासून रात्रीचं जेवण तो घालतो. कुरकुरतो, पण घालतो.

गेल्या वर्षी पहिला पावसाळा कठीण गेला. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, वर ताडपत्री. कोळीवाड्यात हे दोन महिने सुकट-बोंबलावर निघतात, म्हणजे घरात जे आहे ते नेमकं काळूला चालत नाही. ताजा मासा बाजारात मिळे तो बाहेरचा आणि भाव ऐकून मावशी परत फिरायच्या. तेव्हा अंड्यांनी तारलं. शाळेतून येताना मी चार आणायची, कधी मावशी कोथिंबिरीच्या जुडीतून त्याचा हिशेब चुकता करायच्या. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, आणि पहिल्या जाळ्यातला बांगडा मावशींनी काळूसाठी बिनमिठाचा उकडला. घरातल्यांनी तोंडं वाकडी केली. मावशींनी ऐकलं नाही.

काळू आता वलांडी राखत नाही. राखणीला त्याच्याजवळ एक तांबूस कुत्री असते, तरणी, वांड. ती धावते, हा पडल्या पडल्या नुसता कान उचलतो. दाढ काढल्यामुळे जीभ एका बाजूने बाहेर लोंबते.

परवा संध्याकाळी गेले तेव्हा मावशींची सून चुलीशी होती. पातेल्यातून फोडणीआधी काळूचं काढून ठेवलं. मग आणखी एका वाटीत काढलं. मी विचारलं, हे कुणाला? म्हणाली, "आयला. तिचेबी दात गेलेत ना. सांगत नव्हती. तिखटाचं मुकाट गिळायची." मावशी ओट्यावर पाटी धूत बसल्या होत्या. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि काळूला हाक मारली.